मार डोक्याला, झळ सगळ्या शरीराला

डोक्याला जबर मार लागलेलं मूल आयसीयूत असतं, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेल्या आईबापांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो: डोळे कधी उघडेल, हाक मारली तर ओ कधी देईल. आत मात्र सिस्टर दर तासाला लघवीच्या पिशवीवरचा आकडा वाचून तक्त्यात लिहीत असतात. भेटीच्या वेळेत आलेली आजी न राहवून विचारते, "मार डोक्याला लागलाय ना बाई, मग लघवी कशाला मोजता?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर मानेखालच्या जवळजवळ प्रत्येक अवयवापर्यंत जावं लागतं.

लघवी किती व्हावी, हे मूत्रपिंड एकटं ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला लावतं. ही ग्रंथी वाटाण्याएवढी. कवटीच्या तळातल्या हाडाच्या खोबणीत ती बसलेली असते आणि वरच्या मेंदूशी एका नाजूक देठानं जोडलेली असते. डोकं जोरात हादरलं की मेंदू हलतो, ग्रंथी मात्र खोबणीत अडकलेली राहते आणि सगळा ताण त्या देठावर येतो.

वीस किलोच्या मुलाला तासाला साधारण २० ते ४० मिलिलिटर लघवी होते. व्हॅसोप्रेसिन सुटायचं थांबलं, तर हाच आकडा ८० च्या, कधी १०० च्याही वर जातो आणि लघवी पाण्यासारखी पांढरी होते. शरीरातलं पाणी निघून जातं, रक्तातलं सोडियम चढत जातं. काही मुलांत नेमकं उलटं घडतं. संप्रेरक नको असताना सुटत राहतं, पाणी अंगात साचतं आणि सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली घसरतं. सोडियम घसरलं की रक्तातलं पाणी पेशींत शिरतं. आधीच सुजलेला मेंदू आणखी सुजतो, फिट येते, शुद्धीवर येऊ लागलेलं मूल पुन्हा गुंगीत जातं.

इथंच एक मोठी अडचण उभी राहते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जॉन पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये मेंदूचा आजार असलेल्या अशा रुग्णांचं वर्णन केलं, ज्यांच्या मूत्रपिंडातून मीठच वाहून जात होतं आणि मिठामागोमाग पाणीही. म्हणजे सोडियम कमी होण्याच्या दोन तऱ्हा झाल्या. एकीत अंगात पाणी जास्त झालेलं असतं, दुसरीत मीठ आणि पाणी दोन्ही आटलेलं असतं. प्रयोगशाळेच्या कागदावर दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो; उपचार मात्र परस्परविरोधी. पहिलीत पाणी आवरतं घ्यायचं, दुसरीत मीठ आणि पाणी दोन्ही भरून काढायचं. दुसऱ्या तऱ्हेच्या मुलाला पहिलीचा उपचार दिला, तर त्याचा रक्तदाब कोसळतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. दोन्हींतला फरक ओळखायचा तो तासातासाची लघवी, रोजचं वजन, नाडी आणि रक्तदाब एकत्र पाहून. आजीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे, आणि ते तिला नीट समजावून सांगायला हवं. पिशवीवरचा तो आकडा मेंदूचीच खबर देत असतो.

मेंदू आणि बाकी शरीर एकमेकांशी तीन वाटांनी बोलतात. संप्रेरकांची वाट वर आली. दुसरी वाट नसांची. हृदय, फुप्फुसं, आतडी, रक्तवाहिन्या यांवर आपोआप चालणारा जो ताबा असतो, त्याची एक बाजू धोक्याच्या वेळी सगळं चेतवते आणि दुसरी सगळं शांत करते. शांत करणारी मुख्य नस म्हणजे व्हेगस. ती मेंदूच्या बुंध्यातून (ब्रेनस्टेममधून) निघून छातीतून थेट पोटापर्यंत उतरते. तिसरी वाट रक्ताची. इजा झालेल्या मेंदूतून दाह पसरवणारी द्रव्यं रक्तात येतात आणि यकृतापासून अस्थिमज्जेपर्यंत सगळीकडे पोचतात. या वाटा एकमेकींत गुंतलेल्याही आहेत. न्यूयॉर्कजवळ काम करणाऱ्या केविन ट्रेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्हेगस नसेला विजेचे हलके झटके दिले, तर साऱ्या शरीरातला दाह कमी होतो, असं त्यात दिसलं. दाह फक्त रक्ताच्या हवाली आहे, असं तोवर मानलं जात असे. नसाही त्याला लगाम घालतात हे त्यातून पुढं आलं.

आता चेतवणाऱ्या बाजूचं बघू, कारण सगळ्यात जास्त पडझड तीच करते. मेंदूला जबर धक्का बसला की ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं एकदम प्रचंड प्रमाणात सुटतात. अंगभरच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त छातीकडे लोटलं जातं आणि फुप्फुसांतल्या बारीक केशवाहिन्यांवर त्याचा इतका दाब येतो की त्या झिरपू लागतात. छातीला ओरखडाही नसताना फुप्फुसांत पाणी भरतं. व्हिएतनाम युद्धात फक्त डोक्याला जखम होऊन मरण पावलेल्या अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनात डॉक्टरांना हेच दिसलं. त्यांचा अहवाल १९६९ मध्ये छापून आला. त्यातल्या काही सैनिकांचा मृत्यू इतक्या झटपट झाला होता की जंतुसंसर्गाला किंवा जास्तीच्या सलाईनला दोष देणं शक्य नव्हतं. मुलांतही हे घडतं. तोंडाशी गुलाबी फेस येतो, ऑक्सिजन घसरतो.

हृदयालाही हाच लोंढा सोसावा लागतो. हृदयाच्या स्नायूवर या द्रव्यांचा अतिरेकी मारा झाला की तो बधिरल्यासारखा होतो. ईसीजी बदलतो, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाचा स्नायू दुखावल्याची खूण) वाढतं, इकोमध्ये हृदयाचा एखादा भाग हलताना दिसत नाही. एखाद्या प्रौढात हे सगळं दिसलं असतं तर हार्ट ॲटॅक म्हटलं असतं. सहा वर्षांच्या मुलाच्या हृदयवाहिन्या स्वच्छ असतात आणि मेंदू सावरला की हृदयही बहुतेक वेळा काही दिवसांत सावरतं. पण ते दिवस धोक्याचे असतात. डोक्याला मार लागलेल्या मुलाचा रक्तदाब कमी असेल, तर आधी पोटात किंवा छातीत रक्तस्राव होतोय का हे शोधावं लागतं. तो सापडला नाही, तर हृदयाकडे बघावं लागतं. खाटेजवळ आणता येणारं इको यंत्र अशा वेळी सीटी स्कॅनइतकंच मोलाचं ठरतं, असं माझं मत आहे.

एक खूण मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे. शल्यविशारद हार्वी कुशिंग १९०० च्या सुमारास अमेरिकेतून स्वित्झर्लंडमधल्या बर्नला गेले होते. कवटीतला दाब वाढवला की शरीर काय करतं, हे तिथं त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून तपासलं. रक्तदाब चढतो, नाडी मंदावते, श्वासाची लय बिघडते. दाबाखाली घुसमटलेल्या मेंदूपर्यंत रक्त ढकलण्याची ही शरीराची शेवटची धडपड असते. मॉनिटरवर मुलाची नाडी १३० वरून ६० वर आलेली पाहून नातेवाइकांना हायसं वाटतं. डॉक्टर मात्र अशा वेळी धावत येतात.

हे सगळं मोठ्यांनाही होतं. मग मुलांसाठी वेगळा विचार का? कारण मुलाचं शरीर मेंदूसाठी जगत असतं. २०१४ मध्ये क्रिस्टोफर कुझावा यांच्या चमूनं दाखवून दिलं की साधारण पाचव्या वर्षाच्या आसपास शरीराच्या एकूण ऊर्जेतला सुमारे ४३ टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. मूल नुसतं पडून असतं तेव्हाच्या खर्चाशी तुलना केली, तर हा वाटा सुमारे ६६ टक्के होतो. याच वयात शरीराची वाढ सर्वांत संथ असते. एवढा खाणारा अवयव जखमी झाला आणि त्याला काही मिनिटं रक्त, प्राणवायू किंवा साखर कमी पडली, तर जी हानी होते ती पहिल्या मारापेक्षाही मोठी असू शकते. डॉक्टर तिला दुय्यम इजा म्हणतात. शब्द दुय्यम असला तरी अनेक मुलांचं भवितव्य तीच ठरवते. पहिला मार घडून गेलेला असतो, त्यावर कुणाचा इलाज नसतो. दुसरा बऱ्याचदा टाळता येतो, आणि तो टाळण्याची जागा डोक्यात नसून छातीत, पोटात, रक्तवाहिन्यांत असते.

मुलाच्या अंगात रक्तही थोडं असतं, किलोमागे ७५ ते ८० मिलिलिटर. दहा किलोच्या बाळाचं सगळं रक्त एका लिटरच्या बाटलीत मावून वर जागा उरेल. तान्ह्या बाळाच्या टाळूच्या कातडीखाली साचलेल्या रक्तानंसुद्धा त्याचा रक्तदाब धोक्यात येऊ शकतो. शिवाय मुलं फसवतात. रक्त गेलं तरी नाडी वाढवून आणि हातापायांच्या वाहिन्या आकसून ती रक्तदाब बराच वेळ टिकवून धरतात, आणि मग एकदम ढासळतात. म्हणून थंडगार हातपाय आणि भरधाव नाडी ही आकडा पडण्याआधीची सूचना मानायची. वरच्या रक्तदाबाच्या किमान मर्यादेचा ढोबळ हिशेब असा: वयाची दुप्पट अधिक ७०. पाच वर्षांच्या मुलाचा वरचा रक्तदाब ८० च्या खाली गेला, तर ती तातडीची बाब. प्रौढांच्या बाबतीत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात असं दिसलं होतं की डोक्याच्या गंभीर दुखापतीनंतर रक्तदाब एकदा जरी कोसळला तरी मृत्यूचं प्रमाण सुमारे दुप्पट होतं.

लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि जड, मानेचे स्नायू कच्चे. त्यामुळे गच्चीवरून, जिन्यावरून, दुचाकीवरून पडताना डोकंच पुढं जातं. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांनुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर बसवताना हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा सक्तीचा आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा आहे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानंच लागतं. टाकीवर उभं राहून हँडल धरलेलं उघड्या डोक्याचं मूल मात्र आपल्याला रस्तोरस्ती दिसतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मेंदूचं भलं करायला जावं आणि शरीराचा विसर पडावा, म्हणजे काय होतं हे एका मोठ्या चाचणीनं शिकवलं. थंडाव्यानं मेंदूची भूक कमी होते, सूज कमी होते, हे प्राण्यांत दिसलं होतं. तेव्हा डोक्याला गंभीर इजा झालेल्या मुलांना थंड ठेवलं तर? कॅनडा, ब्रिटन आणि फ्रान्समधल्या रुग्णालयांत २२५ मुलांवर हे पाहण्यात आलं; त्यांतल्या निम्म्या मुलांचं तापमान २४ तास साडेबत्तीस अंशांवर ठेवलं गेलं. २००८ मध्ये निकाल आला. फायदा काहीच नव्हता आणि थंड ठेवलेल्या गटात मृत्यू कमी होण्याऐवजी जास्त होण्याकडे कल होता. पुन्हा ऊब देण्याच्या काळात या मुलांचा रक्तदाब जास्त वेळा घसरला होता. तपासलेला उपचार मेंदूसाठी होता, पण थंडी साऱ्या अंगाला सोसावी लागली होती.

पोटाची कथाही कुशिंग यांच्यापाशीच सुरू होते. मेंदूच्या आजारात आणि शस्त्रक्रियांनंतर जठरात व्रण पडतात, हे त्यांनी १९३२ मध्ये लिहिलं. आजही अशा व्रणांना त्यांचं नाव आहे. व्हेगसची शिस्त बिघडली की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, नळीनं दिलेलं दूध साचतं, उलटी होते. आतड्याचं अस्तर सैल पडतं आणि आतले जंतू किंवा त्यांची विषं रक्तात शिरू शकतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. त्याच वेळी रक्तातल्या लढाऊ पेशी कमी झालेल्या असतात आणि न्यूमोनिया संधी साधतो. पूर्वी अशा मुलांना बरेच दिवस उपाशी ठेवून नुसत्या सलाईनवर ठेवत. आता २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की ७२ तासांच्या आत नळीवाटे पोटात अन्न सुरू करावं. घरच्यांना वाटतं, पोराला शुद्ध नाही आणि पेज कसली देताय? पण आतड्याला काम मिळालं तर त्याचं अस्तर टिकतं.

रक्त गोठण्याचंही गणित बिघडतं. मेंदूच्या ऊतीत रक्त गोठवणारा घटक विपुल असतो. इजेनंतर तो रक्तात मिसळला की गोठण्याची सामग्री भलतीकडेच खर्ची पडते आणि मग जिथं गोठायला हवं तिथं रक्त वाहत राहतं. मूत्रपिंडाचा आणखी एक अनपेक्षित प्रकार म्हणजे काही मुलांत ते नेहमीपेक्षा जास्त वेगानं गाळू लागतं. अँटिबायोटिक आणि फिटचं औषध नेमानं देऊनही रक्तात पुरेसं उरत नाही.

काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, आणखी एक घाबरवणारा प्रकार दिसतो. मूल शांत पडलेलं असतं. कूस बदलायला हात लावला, घशातला कफ ओढला, की नाडी भडकते, अंग घामानं निथळतं, ताप चढतो, हातपाय ताठ होतात. आईला वाटतं फिट आली, डॉक्टरांना जंतुसंसर्गाची शंका येते. दोन्ही तपासून बाजूला सारल्यावर कळतं की हे चेतवणाऱ्या नसांचं वादळ आहे. वरून आवर घालणारा मेंदूचा भाग दुखावला आहे. औषधं आहेत. खोलीतला गलबला कमी करणं आणि अंगाला उगीच हात न लावणं हाही उपचारच.

याच काळात घरचे मालीश करणारी बाई शोधू लागतात. हळुवार हात फिरवण्याला हरकत नाही, पण आखडलेला कोपर किंवा खुबा जोर लावून वाकवू नये. मेंदूच्या इजेनंतर कधी कधी सांध्याभोवतीच्या स्नायूंत चक्क हाड तयार होऊ लागतं. मोडलेली हाडंही अशा रुग्णांत अपेक्षेपेक्षा लवकर आणि जाड जुळतात. सांधा सुजला, गरम लागला, वाकेनासा झाला, तर फिजिओथेरपिस्टला आणि डॉक्टरांना आधी दाखवावं.

मार हलका असला तरी शरीर त्यातून पूर्ण सुटत नाही. फुटबॉल खेळताना डोकं आपटलेली शाळकरी मुलगी आठवडाभरानं दिसायला ठणठणीत असते, सीटी नॉर्मल असतो, पण जिना चढली की डोकं ठणकतं आणि छाती धडधडते. नाडीवरचा ताबा अजून जागेवर आलेला नसतो. अशा मुलांना अंधाऱ्या खोलीत पडून राहा, असं पूर्वी सांगत. जॉन लेडी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १०३ किशोरवयीन खेळाडूंवर केलेल्या चाचणीत, त्रास सुरू होईल त्याच्या थोडं आत थांबणारा हलका व्यायाम करणाऱ्या गटाला बरं व्हायला साधारण १३ दिवस लागले, नुसतं अंग ताणणाऱ्या गटाला १७. एक-दोन दिवस विश्रांती आणि मग बेतानं चालणं, असं आता सांगतात. पूर्ण बरं होईपर्यंत डोक्याला दुसरा धक्का मात्र बसता कामा नये.

आता जी गोष्ट सगळ्यात सहज निसटते, ती. डिस्चार्ज मिळतो, टाके निघतात, शाळा सुरू होते. मूल चालतं, बोलतं, पाढे म्हणतं. पुढच्या तपासण्या मेंदूच्या डॉक्टरांकडे होतात आणि त्याही हळूहळू थांबतात. पण पिट्युटरीच्या त्या नाजूक देठाची इजा अजून बोललेली नसते. पिट्युटरीत वाढीचं संप्रेरक बनवणाऱ्या पेशी दोन्ही कडांना असतात आणि त्यांचा रक्तपुरवठा देठातून येणाऱ्या लांब वाहिन्यांवर अवलंबून असतो. म्हणून तिथंच कमतरता जास्त आढळते. मुलाची उंची वाढायची थांबते. काही मुलांत उलट वयात येणं फार लवकर सुरू होतं, मुलीला आठच्या आत स्तनांची वाढ दिसते. काहींत ते लांबतं, पाळी येत नाही. कॉर्टिसोल कमी पडलं तर थकवा, सकाळची मळमळ, साध्या तापात ग्लानी. थायरॉइडला मिळणारा इशारा कमी पडला तर आळस, बद्धकोष्ठता, अभ्यासात मागे पडणं. हे सगळं पाहून घरात बोलणी बसतात: पडल्यापासून ढिला झालाय, लाडावलाय, अभ्यासाचं नाटक करतो. ज्या मुलाला गोळीनं किंवा इंजेक्शननं सावरता आलं असतं, त्याच्या पदरी वर्षानुवर्षं दूषणं येतात. याहून अन्यायाची गोष्ट मला या विषयात दुसरी दिसत नाही.

काही मुलांत ही कमतरता वर्षभरात आपोआप भरून येते. म्हणूनच एकदा तपासून भागत नाही. मध्यम किंवा गंभीर इजा झालेल्या प्रत्येक मुलाची उंची आणि वजन दर सहा महिन्यांनी मोजावं, आणि साधारण वर्षानंतर, लक्षणं असतील तर आधीच, मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांना दाखवावं. चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. चारच्या खाली आलं तर चौकशी हवी. भारतीय मुलांच्या वाढीचे तक्ते आपल्याकडे आहेत. पाच ते अठरा वर्षांसाठीचे इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते करण्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आघाडीवर होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणीला येतं, उंची मोजून कार्डावर लिहितं. त्या कार्डावर, शाळेच्या दप्तरी आणि घरच्या डॉक्टरांच्या नोंदीत तारखेसह एक ओळ आईवडिलांनीच आग्रहानं लिहवून घ्यावी: या मुलाच्या डोक्याला गंभीर इजा झाली होती.